प्रोस्टेटचं पॅकेज घ्यावं का? बेळगाव-निपाणी भागात मिळणाऱ्या तपासणीचं परीक्षण

पन्नाशी ओलांडलेल्या पुरुषांसाठीची तपासणी पॅकेजं आता बेळगाव शहरापुरती राहिलेली नाहीत. खानापूर, संकेश्वर, निपाणी, चिकोडी, अथणी, कुठेही गेलात तरी मिळतात. नावं निरनिराळी, पण आतला माल जवळपास एकच: साखर, तीन महिन्यांची साखर, कोलेस्टेरॉल, थायरॉइड, लिव्हर, किडनी, लघवी, कधी सोनोग्राफी आणि शेवटी पीएसए ही प्रोस्टेटची रक्ततपासणी. जाहिरात मात्र या शेवटच्या ओळीवर चालते. रात्री सारखं उठावं लागतं, धार बारीक झाली, लघवी पूर्ण झाल्यासारखी वाटत नाही, असं काही असेल तर प्रोस्टेटच्या कॅन्सरची तपासणी करा, असा तिचा सूर असतो.

हे परीक्षण कुठल्या एका लॅबचं नाही, या सेवेचं आहे. निकाल आधीच सांगतो. पीएसए योग्य वयात, योग्य वेळी आणि डॉक्टरांशी बोलून केली तर घेण्यासारखी तपासणी आहे. तिच्याभोवती बांधलेल्या पॅकेजची बहुतेकांना गरज नाही. आणि जाहिरातीतली लक्षणांची यादी चुकीच्या दिशेला बोट दाखवते. या तिसऱ्या गोष्टीमुळे माणसं दोन्ही बाजूंनी फसतात, म्हणून सुरुवात तिथूनच.

लक्षणांची यादी कुठे चुकते

प्रोस्टेट ही अक्रोडाएवढी ग्रंथी. तरुणपणी वजन साधारण २० ग्रॅम. मूत्राशयाच्या तोंडाशी बसलेली, आणि लघवीची नळी तिच्या मधोमध जाते. वय वाढलं की नळीभोवतीचा आतला भाग फुगतो. ही साधी वाढ, कॅन्सर नव्हे. साठीला साधारण निम्म्या पुरुषांत ती असते. ती नळीला चिकटूनच असल्यामुळे लवकर जाणवते: लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, धार तुटते, शेवटी थेंब थेंब गळत राहतं, पुन्हा तासाभरात जावंसं वाटतं.

कॅन्सर बहुतेक वेळा दुसरीकडे सुरू होतो. सुमारे ७० टक्के गाठी ग्रंथीच्या बाहेरच्या, गुदाशयाकडच्या भागात होतात. तिथून लघवीची नळी लांब असते. गाठ नळी दाबण्याइतकी मोठी होईपर्यंत धारेत काहीच फरक पडत नाही. म्हणजे आजार बरा होण्याजोगा असतो तेव्हा त्याला बहुधा लक्षणंच नसतात.

याचे दोन परिणाम होतात. ज्याला रात्री चार वेळा उठावं लागतं तो कॅन्सरच्या धास्तीने खचतो, आणि त्याला बहुधा साधी वाढ असते. ज्याची धार चांगली आहे तो आपल्याला काही नाही म्हणून निर्धास्त राहतो, मग वडिलांना आणि भावाला हा आजार झालेला असला तरी. तपासणीची खरी गरज या दुसऱ्याला आहे, आणि जाहिरात त्याच्याशी बोलतच नाही.

रात्रीच्या उठण्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण पॅकेज घेण्याचं तेच सगळ्यात मोठं कारण दिसतं. रात्री लघवीला होण्यामागे प्रोस्टेट असेलच असं नाही. साखर वाढलेली असते. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जाते. दिवसभर पायांवर उतरलेली सूज आडवं झाल्यावर रक्तात परत येते आणि रात्री लघवीवाटे बाहेर पडते. झोपेत घोरणं आणि श्वास अडकणं हेही कारण असतं. रात्री नऊला घेतलेला कपभर चहा आणि बेळगावची डिसेंबरातली थंडी यांचाही हात असतो.

हे ओळखण्याचं साधन फुकट आहे. एक मापाचा मग घ्या. तीन दिवस, चोवीस तास, प्रत्येक वेळची लघवी मोजा आणि वहीत वेळ आणि मिली लिहा. झोपायची आणि उठायची वेळही लिहा. झोपल्यानंतरची सगळी लघवी आणि सकाळी उठल्यावरची पहिली यांची बेरीज चोवीस तासांच्या एकूण लघवीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भरली, तर शरीर रात्री लघवी जास्त बनवतंय. त्याचं कारण हृदय, किडनी, सूज, औषधांच्या वेळा किंवा झोपेत शोधायचं. याउलट एकूण लघवी ठीक आहे पण प्रत्येक वेळी शंभर-दीडशे मिलीच होते, असं दिसलं तर अडचण मूत्राशयात किंवा प्रोस्टेटमध्ये असण्याची शक्यता जास्त. ही वही डॉक्टरांपुढे ठेवली की अर्धं काम होतं. पॅकेजमध्ये ही वही नसते.

त्रास किती आहे हे मोजायला सात प्रश्नांची एक प्रश्नावलीही आहे. गेल्या महिनाभराबद्दल विचारतात, प्रत्येक उत्तराला ० ते ५ गुण. ७ पर्यंत सौम्य, ८ ते १९ मध्यम, २० ते ३५ तीव्र. तीन मिनिटांचं काम. ती कॅन्सर ओळखत नाही, पण औषधाची गरज आहे का आणि औषधाने फरक पडला का हे तिच्यावरून कळतं. लॅबच्या काउंटरवर ती कुणी भरून घेताना दिसत नाही.

पॅकेजची वाट बघायची नाही अशा चार गोष्टी

लघवीतून रक्त. एकदाच दिसलं, दुखलं नाही, दुसऱ्या दिवशी थांबलं, तरीही. आपल्याकडे याला उष्णता म्हणतात, उन्हाळी लागली म्हणतात आणि धणे-जिऱ्याच्या पाण्यावर निभावून नेतात. जळजळ असेल तर जंतुसंसर्ग किंवा खडा असू शकतो. पण न दुखता आलेलं रक्त मूत्राशयाच्या कॅन्सरचंही असू शकतं, आणि बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांना तो धोका जास्त असतो. त्यात रक्त मधे महिना-दोन महिने थांबतं, म्हणून माणूस बरा झालो असं समजतो. इथे पीएसए पुरत नाही. सोनोग्राफी आणि दुर्बिणीतून मूत्राशयाची तपासणी लागते. वीर्यातून रक्त आलं तर ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं, पण चाळिशीनंतर आलं किंवा पुन्हा पुन्हा आलं तर दाखवायलाच हवं.

लघवी पूर्ण तुंबणं. ओटीपोट फुगलंय, कळा येतायत, एक थेंब होत नाही. हे तासांचं काम आहे. जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन नळी घालून घ्यायची. बऱ्याचदा याच्या आधी एक-दोन दिवस सर्दीची गोळी घेतलेली असते. नाक मोकळं करणारी आणि सुस्ती आणणारी औषधं मूत्राशयाचं तोंड आवळतात किंवा त्याचा जोर कमी करतात. धार आधीच बारीक असलेल्या माणसाने दुकानातून सर्दीची गोळी घेताना हे सांगायला हवं.

थंडी वाजून ताप, लघवीला आग आणि गुदद्वाराच्या आसपास दुखणं. ही प्रोस्टेटची सूज असते, तिला अँटिबायोटिक लागतं. या दिवसांत पीएसए करून घेतली तर आकडा प्रचंड वाढलेला येतो आणि घरात रडारड होते.

आणि चौथी, जी सगळ्यात उशिरा लक्षात येते: कंबरेचं दुखणं. ऊस आणि भाताच्या पट्ट्यात कंबर कुणाची दुखत नाही? उसण भरली, चमक निघाली म्हणून चोळून घेतात. फरक असा की कामाची कंबर विश्रांतीने सैल होते. हाडात पसरलेल्या कॅन्सरचं दुखणं पडल्यावरही राहतं, रात्री जास्त होतं आणि आठवड्यागणिक वाढत जातं. सोबत वजन उतरतं, भूक जाते. साठीच्या पुढच्या पुरुषाला असं दुखणं असेल तर हाडवैद्याकडे पाठ चोळून घेऊ नये. पोखरलेला मणका दाबाने मोडू शकतो. याच दुखण्यासोबत पायांत मुंग्या, पाय लटपटणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं सुरू झालं तर मज्जारज्जू दाबला जातोय. त्याच दिवशी, रात्र असली तरी, एमआरआयची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात जायचं. पाय चालते असताना उपचार सुरू झाले तर पाय वाचण्याची शक्यता चांगली असते. पूर्ण लुळे पडल्यावर ती फारच कमी उरते.

पीएसए: काय घेताय आणि ते कसं बिघडतं

पीएसए हे प्रोस्टेटच्या पेशींनी बनवलेलं प्रथिन. रक्तात ते थोडंसं झिरपतं, नॅनोग्रॅम प्रति मिली या मापात मोजतात. पॅकेजशिवाय एकटीच करून घेतली तर दर ठिकाणाप्रमाणे ५०० ते १००० रुपयांच्या आसपास. उपाशीपोटी जायची गरज नाही. पॅकेजमध्ये उपाशी बोलावतात ते साखर आणि कोलेस्टेरॉलसाठी.

हे प्रथिन कॅन्सरचं नाही, प्रोस्टेटचं आहे. ग्रंथी मोठी झाली, सुजली, दुखावली गेली तरी ते वाढतं. त्यामुळे नमुना कधी दिला यावर निकाल फार अवलंबून असतो, आणि ही चौकशी काउंटरवर क्वचित होते. लघवीचा जंतुसंसर्ग झाला असेल तर बरा झाल्यावर सहा आठवडे थांबा. नळी घातली असेल, दुर्बिणीची तपासणी किंवा बायोप्सी (सुईने तुकडा काढून तपासणं) झाली असेल तरीही साधारण तेवढंच थांबा. वीर्यपात झाला असेल तर ४८ तास जाऊ द्या, लांबवर सायकल चालवली असेल तरीही तेवढेच. नमुना देण्याआधी लघवीची साधी तपासणी करा. त्यात पस सेल्स वाढलेले असतील तर पीएसएचे पैसे त्या दिवशी खर्चूच नका.

औषधांची चूक याच्या उलटी आणि जास्त घातक. प्रोस्टेट आकसण्यासाठी देतात ती फिनास्टेराइड आणि ड्युटास्टेराइड ही औषधं सहा महिन्यांपासून वर्षभरात पीएसए निम्म्यावर आणतात. केसांसाठी घेतलेली एक मिलिग्रॅमची फिनास्टेराइडही तेच करते. अशा माणसाचा ३ हा आकडा ६ समजून वाचायचा असतो. लॅबचं यंत्र ते जाणत नाही. ते ३ छापतं, समोर ० ते ४ ही मर्यादा छापतं आणि कागद नॉर्मल दिसतो. धार मोकळी करण्यासाठी देतात त्या टॅमसुलोसिनने पीएसएत असा फरक पडत नाही, पण पुष्कळदा ही दोन औषधं एकाच गोळीत असतात. म्हणून गोळीचं पाकीट सोबत न्या आणि फॉर्मवर नाव लिहून घ्या. ही औषधं चालू असताना पीएसए खाली जाऊन पुन्हा चढू लागली, तर आकडा मर्यादेत असला तरी डॉक्टरांना दाखवा. केस-नखांसाठी बायोटिनचे मोठे डोस घेत असाल तर दोन-तीन दिवस आधी थांबवा. काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटा कमी येतो.

आता तो ४ चा आकडा. तो काही निसर्गाने आखलेली रेघ नाही. चाळिशीत २.५ च्या वर गेला तरी विचार करायला हवा, सत्तरीत ६.५ पर्यंतही चालू शकतं. ४ ते १० मध्ये असलेल्यांपैकी साधारण चौघांत एकाला बायोप्सीत कॅन्सर सापडतो, म्हणजे तिघांना नसतो. १० च्या वर शक्यता निम्म्यापेक्षा जास्त. उलट बाजूही लक्षात ठेवायला हवी: २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात ४ किंवा त्याहून कमी पीएसए असलेल्या पुरुषांची बायोप्सी केली, तर सुमारे १५ टक्क्यांत कॅन्सर मिळाला, त्यातले बरेचसे सौम्य स्वरूपाचे. शून्य धोका सांगणारा आकडा नाही.

पहिल्यांदा वाढलेली आली तर सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा करा, आणि त्याच लॅबमध्ये. यंत्र बदललं की मोजमापाचा पायाच बदलतो, फरक २० टक्क्यांपर्यंत पडू शकतो. बेळगावला ४.१ आणि मिरजेला ३.५ आली म्हणून आजार कमी झाला असं होत नाही.

फ्री पीएसए आणि गावातलं कलेक्शन सेंटर

थोडी महाग पॅकेजं फ्री पीएसए, म्हणजे रक्तात मोकळी असलेली पीएसए, वेगळी मोजून देतात. आकडा ४ ते १० मध्ये असताना ती उपयोगी पडते. एकूण पीएसएपैकी मोकळी पीएसए २५ टक्क्यांच्या वर असेल तर कॅन्सरची शक्यता कमी, १० टक्क्यांच्या खाली असेल तर जास्त. एकूण २ असेल किंवा ३० असेल तर या गुणोत्तराचा फारसा उपयोग नाही. म्हणून पहिल्याच फेरीत तिचे पैसे देऊ नका.

दुसरी अडचण नमुन्याच्या प्रवासाची आहे. तालुक्याच्या गावातली बरीच केंद्रं नुसती रक्त गोळा करतात. तपासणी बेळगाव, हुबळी, कधी बंगळूर किंवा मुंबईला होते. मोकळी पीएसए नाजूक असते. रक्तातला द्रव साधारण तीन तासांत वेगळा करून थंड ठेवला नाही तर तिचा ऱ्हास होतो. एकूण पीएसए मात्र बरीच टिकते. परिणामी गुणोत्तर खोटं खाली येतं आणि कागदावर कॅन्सरची शक्यता वाढलेली दिसते. उन्हाळ्यात खानापूरच्या किंवा अथणीच्या आतल्या गावातून सकाळी आठला घेतलेली ट्यूब दुपारपर्यंत तशीच राहत असेल, तर त्या फ्री पीएसएवर विश्वास ठेवू नये. विचारायचा प्रश्न सोपा: सेंट्रीफ्यूज, म्हणजे रक्तातला द्रव वेगळा करणारं यंत्र, इथे आहे का, आणि गाडी किती वाजता निघते? उत्तर समाधानकारक नसेल तर ही एक तपासणी बेळगावला जाऊन करा.

बोटाला टोचून घरी करायच्या पट्ट्याही ऑनलाइन मिळतात. त्या फार तर ४ च्या वर की खाली एवढंच सांगतात. घेऊ नका.

सोनोग्राफी: पैसे वाया किंवा फार कामाची

सोनोग्राफीत कॅन्सर दिसत नाही, असं धरून चालावं. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत ग्रंथीचा आकार कळतो, किडनीला सूज आहे का ते कळतं, आणि लघवी केल्यानंतर मूत्राशयात किती उरते ते कळतं. या तिन्ही गोष्टी मोलाच्या आहेत, पण वेगळ्या कारणासाठी.

उरलेली लघवी मोजताना हमखास चूक होते. लिटरभर पाणी प्यायला लावतात, रांग लांबते, मूत्राशय ताणून फुटायच्या बेताला येतं. इतकं ताणलेलं मूत्राशय एका दमात रिकामं होत नाही, आणि रिपोर्टात १५० मिली उरली असं येतं. नेहमीइतकी जोराची लागली की लगेच पहिलं मोजमाप करायला सांगा, मग घाई न करता लघवी करा, आणि शंका असेल तर दुसऱ्यांदा जाऊन येऊन पुन्हा मोजून घ्या.

रिपोर्टात प्रोस्टॅटोमेगाली (म्हणजे वाढलेली प्रोस्टेट) ग्रेड १, ग्रेड २ असं लिहिलेलं असतं. हा ग्रेड फक्त आकाराचा आहे. कॅन्सरचा ग्रेड बायोप्सीशिवाय ठरतच नाही. मुलगा मोबाइलवर शोधतो, त्याला कॅन्सरचे ग्रेड सापडतात आणि अप्पांना काही न सांगता घर काळजीत पडतं. या एका शब्दाने जेवढी भीती पसरवली असेल तेवढी क्वचितच दुसऱ्या कुठल्या शब्दाने.

आकाराचा खरा उपयोग पीएसएच्या शेजारी ठेवून होतो. पीएसएला ग्रंथीच्या आकारमानाने भागा. ६ पीएसए आणि ६० मिलीची ग्रंथी: ०.१०. मोठ्या ग्रंथीने जास्त पीएसए सोडली, एवढाच अर्थ असू शकतो. तीच ६ पीएसए आणि ३० मिलीची ग्रंथी: ०.२०. ०.१५ च्या वर गेलं की संशय वाढतो. दोन माणसांचा पीएसएचा कागद अगदी सारखा, पण पुढचा रस्ता वेगळा. पॅकेजच्या रिपोर्टात पीएसए एका पानावर, सोनोग्राफी दुसऱ्या पाकिटात, आणि हा भागाकार कुणी करत नाही.

पॅकेजमधलं बाकीचं

क्रिएटिनिन कामाचं आहे. तुंबलेल्या लघवीने किडनीवर ताण येतो तो इथे दिसतो. लिव्हरच्या तपासणीतली अल्कलाइन फॉस्फेटेज ही ओळ नजरेतून सुटू देऊ नका. बाकी लिव्हर ठीक असून तीच एक वाढलेली असेल आणि कंबर किंवा खुबा दुखत असेल, तर हाडांकडे लक्ष जायला हवं. साखर हवीच. सीईए, सीए १९-९ असे कॅन्सर मार्कर जोडून महाग केलेलं पॅकेज मात्र सरळ नाकारा. लक्षणं नसलेल्या माणसात कॅन्सर शोधण्यासाठी ते मार्कर नाहीत. थोडे वाढलेले आले की नाहक स्कॅनची माळ सुरू होते.

जी तपासणी असायला हवी आणि नसते ती बोटाची. डॉक्टर हातमोजा घालून, जेली लावून गुदद्वारातून प्रोस्टेट चाचपतात. डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन झोपायचं. मिनिटभर लागतो, अवघडल्यासारखं होतं, पण दुखत नाही. ग्रंथी मऊ रबरासारखी लागते की तिच्यात दगडासारखा कडक उंचवटा आहे, एक बाजू दुसरीपेक्षा वेगळी आहे का, हे कळतं. पीएसए मर्यादेत असूनही गाठ हाताला लागते अशी माणसं असतात. गुदाशयाची गाठही कधी याच तपासणीत सापडते. लाजेपोटी माणसं नको म्हणतात आणि शिबिरात पडद्याची सोय नसते म्हणून ती गाळतात. पडदा लावणं शिबिर भरवणाऱ्यांना काही अवघड नाही, त्यांनी तो लावावा.

कुणी घ्यावी, कुणी नको

आपल्या देशात प्रोस्टेटसाठी सरकारी सार्वत्रिक तपासणी नाही. राष्ट्रीय कार्यक्रमात तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा कॅन्सर येतो. त्यामुळे निर्णय आपल्यालाच डॉक्टरांशी बोलून घ्यावा लागतो. युरोपातल्या मोठ्या अभ्यासात १६ वर्षांनंतर पीएसए तपासणाऱ्या गटात या आजाराचे मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी कमी दिसले. त्याचबरोबर, आयुष्यभर त्रास न देणारे कॅन्सरही पुष्कळ सापडले, आणि त्यांच्यावर उपचार केले तर लघवी गळणं आणि लैंगिक दुर्बलता वाट्याला येऊ शकते. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

आमचं मत असं: ५० ते ६९ वयाच्या, ठणठणीत माणसाने एकदा विचार करून पीएसए करावी. वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला असेल, किंवा घरात स्तनाचा-बीजांडकोशाचा कॅन्सर बऱ्याच जणींना झाला असेल, तर पंचेचाळिशीपासून. साठीला आकडा १ च्या आत असेल तर दरवर्षी पॅकेज घेण्याचं काहीच कारण नाही. पंचाहत्तरीच्या पुढच्या, हृदयविकार किंवा अर्धांगाने थकलेल्या, लघवीची नवी तक्रार नसलेल्या आजोबांना मुलांनी वाढदिवसाची भेट म्हणून हे पॅकेज देऊ नये. त्यातून जे सापडेल त्याने त्यांचं आयुष्य वाढणार नाही, झोप मात्र जाईल.

आकडा वाढला तर पुढचा रस्ता

पॅकेज इथे संपतं आणि रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येऊन पडतो. त्यात लाल अक्षर दिसलं की काय करायचं, हे कुणी सांगत नाही. यूरॉलॉजिस्टकडे जायचं. पुन्हा पीएसए, बोटाची तपासणी, मग प्रोस्टेटचा एमआरआय. त्यात १ ते ५ असे गुण देतात. १-२ असेल आणि बाकी संशय नसेल तर बायोप्सी टाळता येते. ४-५ असेल तर करावीच लागते. एमआरआय बायोप्सीच्या आधी व्हावा, कारण बायोप्सीनंतरचं रक्त साकळलेलं दिसतं आणि चित्र गढूळ होतं. बायोप्सीत सुईने साधारण बारा तुकडे घेतात. सुईने कॅन्सर पसरतो, ही भीती काढून टाका. बायोप्सी नाकारून नुसतं औषध घेत राहणं जास्त महागात पडतं. सौम्य प्रकार निघाला तर लगेच ऑपरेशन न करता ठरावीक काळाने तपासत राहणं हा मान्य उपचार आहे, ते दुर्लक्ष नव्हे.

या भागात आता त्यासाठी फार लांब जावं लागत नाही. बेळगावात बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं जिल्हा रुग्णालय आहे, केएलईचं डॉ. प्रभाकर कोरे रुग्णालय आहे, आणि केएलईच्याच कॅन्सर रुग्णालयाचं उद्घाटन जानेवारी २०२५ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झालं. निपाणी-चिकोडीकडच्यांना मिरज, कोल्हापूर जवळ पडतं.

खर्चाचं आधी बघा. आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजनेत बीपीएल कार्डाच्या कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल असेल तर योजनेच्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. तातडीची वेळ नसेल तर खासगी रुग्णालयासाठी सरकारी रुग्णालयाचं रेफरल लागतं. म्हणून आधी सरकारी रुग्णालयातून कागद करून घेतला की नंतरची धावपळ वाचते. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी लागू करण्याचा निर्णय घेतला. आपलं गाव त्यात असेल तर दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या योजनेच्या टेबलावर विचारा, कुठले दाखले चालतात तेही तिथेच कळेल. लॅबमध्ये एकटीच केलेली पीएसए मात्र आपल्याच खिशातून, असं धरून चला.

भाषेचा मुद्दा छोटा वाटतो, पण त्यानेच गोंधळ होतात. फॉर्म इंग्रजीत, काउंटर कन्नडमध्ये, तक्रार मराठीत. लघवीचा त्रास आहे, एवढंच सांगितलं की त्याचं काहीही होऊ शकतं. सुरू व्हायला वेळ लागतो का, धार तुटते का, आग होते का, रक्त दिसलं का, रात्री किती वेळा, किती महिन्यांपासून, हे वेगवेगळं सांगा. रक्त हा शब्द दोन्ही भाषांत तोच आहे, तो तर गिळूच नका. रिपोर्ट घेताना छापील प्रत मागा. तिच्यावर तारीख, लॅबचं नाव आणि मोजण्याची पद्धत असते. शेजारी पेनाने लिहून ठेवा: त्या दिवशी कुठल्या गोळ्या चालू होत्या आणि मागच्या सहा आठवड्यांत ताप, नळी किंवा जळजळ झाली होती का. दोन वर्षांनी पुढचा आकडा येईल तेव्हा यूरॉलॉजिस्ट आधी हाच कागद मागतील.